पाव्हना येसूत

“पाहुणे येऊ म्हणाले. बरं. मग?”

साहेबांनी माझा अर्ज उलटा करून पाहिला, मागच्या बाजूला काही लिहिलंय का म्हणून. मागे कोरं होतं. पुन्हा सुलटा केला आणि मोठ्यानं वाचायला लागले. पोलीस ठाण्यात त्या वेळी पाच-सहा माणसं होती. सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं.

“‘सदर महिलेच्या घरी आम्ही पाहुणे म्हणून येऊ व चहा घेऊ, असे वक्तव्य त्यांनी जाहीर सभेत केले. त्यामुळे माझ्या व माझ्या कुटुंबाच्या जीवितास धोका निर्माण झाला आहे.’” कागद टेबलावर ठेवला. “ताई, चहानं कुणाच्या जिवाला धोका होतो?”

एक जण हसला. मग सगळेच हसले.

“साखर जास्त पडली तर होईल,” साहेबच म्हणाले.

मी उभी होते. समोर खुर्ची रिकामी होती. बसा कोणी म्हटलं नव्हतं आणि मी बसले नव्हते.

“आणि लगेच अॅट्रॉसिटीचं काढू नका.” मी काढलंच नव्हतं. “लोकशाही आहे. तुम्ही मोबाइलवर लिहिता, ते माइकवर बोलतात. तुम्हाला स्वातंत्र्य आणि त्यांना नाही? संविधान तर तुम्हीच आम्हाला सांगत असता.”

त्यातला ‘तुम्हीच’ त्यांनी लांबवला. कुणाला म्हणतात ते तिथल्या सगळ्यांना कळलं.

साहेब पुण्याकडचे. इकडे येऊन चार-पाच महिने झालेले. त्यांना ‘पाहुणे’ हा शब्द कळला नाही, हे मी एक वेळ समजू शकते. पण कोपऱ्यात हवालदार नाना बसले होते. आमच्या शेजारच्या गावचे, केस पांढरे झालेले. त्यांना सगळं कळलं होतं. ते रजिस्टरकडे बघत बसले. रजिस्टर बंद होतं.

मी कागद उचलला आणि बाहेर आले. पायऱ्या उतरताना अंगाची लाही होत होती. पण खरं सांगते, हसणाऱ्यांपेक्षा जास्त राग मला माझाच आला. तो अर्ज मीच टाइप केला होता.

तेच माझं काम आहे. तहसील कचेरीसमोर झेरॉक्सच्या दुकानाच्या ओट्यावर माझं टेबल आहे. आधी टाइपरायटर होता, आता कॉम्प्युटर. लोक येतात, अहिराणीत बोलतात, रडतात, शिव्या देतात, आणि मी त्याचं मराठी करते. कचेरीचं मराठी. उपरोक्त विषयास अनुसरून. सदर इसम. सबब विनंती की. माझ्या अर्जात शुद्धलेखनाची चूक सापडत नाही. आतले बाबू लोकही म्हणतात, अक्कांचा अर्ज आला की वाचायचा त्रास नाही. मला ह्याचा माज होता. बौद्धवाड्यातली पोर मी, धुळ्याला जाऊन टायपिंगची परीक्षा एका फटक्यात पास झाले. आता वरच्या आळीतली मोठमोठी माणसं ओट्यापाशी येऊन “अक्का, जराखं लिखी दे” म्हणतात. ज्यांच्या घरात आमच्या हातचं पाणी चालत नव्हतं, त्यांना माझ्या हातचा कागद चालतो. मला वाटायचं, झालं, जिंकले मी.

आता झालं काय ते सांगते.

आमच्या वस्तीत समाजमंदिर आहे. सरकारी पैशातून बांधलेलं. त्याला वर्षभर कुलूप, आणि आत आप्पांच्या ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी. आप्पा म्हणजे गावाचे पुढारी. पॅनल त्यांचं, सरपंच त्यांचा, किल्लीही त्यांच्याकडे. वस्तीत मयत झाली की माणसं रस्त्यावर सतरंजी टाकून बसतात. दहावीच्या पोरींना अभ्यासाला ती खोली द्या म्हणून आम्ही दोनदा मागितली. ‘नळ्या हलवल्या की देऊ’ हे उत्तर. मी शुक्रवारी खिडकीतून एक फोटो काढला, गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला आणि खाली एक ओळ लिहिली: ‘समाजमंदिरातल्या नळ्या कोणाच्या? गुरुवारच्या ग्रामसभेत उत्तर हवं.’ बस. शिवी नाही, कुणाचं नाव नाही.

शनिवारी संध्याकाळी चौकात आप्पांच्या पॅनलची सभा होती. एक भोंगा मुद्दाम आमच्या वस्तीकडे तोंड करून बांधला होता. मी घरीच होते. माय सुपात तांदूळ निवडत होती. आप्पा आधी रस्त्यावर बोलले, पाण्यावर बोलले, विरोधकांना चोर म्हणाले. ते चालतं, सभेत तसंच बोलतात. मग त्यांचा आवाज एकदम मऊ झाला.

“आपला गावनी एक अक्का शे. भलती शिकेल शे. भलतं लिखस. लिखू द्या तिले. आपन काय वाईट मानसं शेत का?” मग थोडं थांबले. “गुरुवारना आगोदर आम्ही तिना घर पाव्हना येसूत. चहा पिसूत.”

चौक हसला. भोंग्यातून ते हसू आमच्या घरात आलं. मायचा हात सुपातच थांबला. ती उठली आणि तिनं दार लावून घेतलं. एवढ्या उकाड्यात, दिवस अजून मावळला नव्हता, तरी.

तिला तो शब्द पाठ आहे. मलाही.

मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची होते. गावच्या हॉटेलात आमच्या लोकांसाठी कप वेगळे असायचे. कान तुटलेले, खिडकीबाहेरच्या फळीवर ठेवलेले. चहा पिऊन आपला आपण विसळून पुन्हा फळीवर ठेवायचा. एकदा कोणी बाहेरचे साहेब गावात आले आणि त्यांनी विचारलं, इथे भेदभाव पाळतात का. सगळे नाही म्हणाले. माझ्या बापानं फळीकडे बोट दाखवलं. तोंडानं एक शब्द बोलला नाही, नुसतं बोट दाखवलं.

तीन दिवसांनी सकाळी वरच्या आळीतली आठ माणसं आमच्या दारात उभी.

“पाव्हना उनात,” त्यांतला एक म्हणाला. पाहुणे आलेत.

आप्पा तेव्हा तरणेबांड होते. तेही त्या आठांत होते. बाप खाटेवरून उठला, ते बसले, आणि बाप स्वतःच्या घरात कोपऱ्यात उभा राहिला. माय चुलीकडे धावली. आमच्याकडे कप तीनच, बाकीचे शेजारून मागून आणले. आणि मी खूश झाले. हे लिहायला आजही जड जातं, पण लिहिते. मला वाटलं, वरच्या आळीची माणसं आमच्या घरी पाहुणी आली, आमच्या कपातला चहा पिणार. मी पेटीतून जयंतीला घेतलेला फ्रॉक काढला आणि घातला. ताटात आठ कप घेऊन मी एकेकासमोर गेले. “घ्या,” म्हणाले. मला शाळेत शिकवलं होतं तसं, शुद्ध मराठीत.

त्यांनी घेतले. आठही जणांच्या हातात कप आल्यावर पहिल्यानं हात लांब केला आणि चहा जमिनीवर ओतला. मायनं सकाळीच सारवलेली जमीन. मग दुसऱ्यानं ओतला. मग तिसऱ्यानं. सावकाश, एकामागून एक, आपली पाळी येईपर्यंत थांबून. शेवटचा कप आप्पांचा. त्यांनीही ओतला, रिकामा कप माझ्या ताटात पालथा घातला आणि म्हणाले, “पोरी, पाव्हनचार झकास व्हयना.”

मग गेले. एक भांडं फुटलं नाही. कोणी हात उचलला नाही, शिवी दिली नाही. बाप ठाण्यात जाऊन काय सांगणार होता? पाहुणे आले होते, चहा सांडला, हेच ना? मायनं ती जमीन त्या दिवशी दोनदा सारवली. मी फ्रॉक काढून पेटीत ठेवला आणि पुढच्या जयंतीला मला तो होत नाही असं खोटंच सांगितलं.

बाप त्यानंतर चौदा वर्षं जगला. चारचौघांत तो पुन्हा बोलला नाही. ग्रामसभेला जायचा, सगळ्यांच्या मागे भिंतीला टेकून बसायचा, हात वर करा म्हटलं की करायचा. मी मोठी होत गेले तशी मला त्याची चीड यायची. एवढं काय घाबरायचं, चहाच तर ओतला, असं मी त्याला एकदा तोंडावर म्हटलं होतं. आज तो असता तर मी माफी मागितली असती. पण तो नाही.

‘पाव्हना’ हा पुढे गावाचा शब्दच झाला. वस्तीतलं कोणी जास्त बोललं की विचारायचं, पाव्हना धाडू का? एका घरी पाहुणे दोनदा गेले. दुसऱ्या वेळेनंतर त्या घरची कडब्याची गंजी पेटली. कशी पेटली, कुणी पाहिलं नाही. ते कुटुंब आता सुरतेला असतं.

एवढं सगळं त्या एका शब्दात होतं. आणि मी अर्जात काय लिहिलं? पाहुणे म्हणून येऊ व चहा घेऊ. व्याकरण मात्र अगदी बरोबर.

सोमवारी ठाण्यातून घरी आले तर धाकटा भाऊ आलेला. तो जळगावला चटईच्या कारखान्यात आहे. मायनं फोन केला आणि तो पाळी सोडून निघाला. बसमध्ये बसल्या बसल्या त्यानं स्टेटस टाकला होता: ‘आमनाकडे बी पाव्हना शेत. आप्पा, तुनं घर आम्हले माहीत शे.’ त्याच्या दोस्तांनी खाली मुठी आणि आगीची चित्रं टाकलेली.

मी म्हटलं, काढ.

“कसाले काढू?” तो उसळला. “तो बोलना ते स्वातंत्र्य, आन् मी बोलनू ते गुन्हा? साहेबनी हाईच शिकाडीसन धाडं का तुले?”

मला ते झोंबलं. कारण त्यातलं अर्धं खरं होतं. आमच्या वस्तीतल्या पोरानं असं लिहिलं तर साहेबांना शब्द लगेच कळला असता, दुभाषा लागला नसता. हे मला माहीत आहे. तरी मी म्हटलं, काढ.

“त्याले चोर म्हन,” मी म्हटलं. “त्यानं नाव लिखीसन टाक. मोर्चा काढ. त्यानी पॅनल पाड. पन त्याना घरनं नाव काढू नको.”

“का? त्यानं घर देव्हारा शे का?”

“त्या घरमा बी एखादी पोर व्हई,” मी म्हटलं. “ताट लिसन येनारी.”

त्याला ती गोष्ट माहीत होती, मायनं सांगितलेली. त्यानं मोबाइल काढला, स्टेटस पुसला आणि मोबाइल खाटेवर फेकला. “मी काढं,” म्हणाला. “तो काढी का?”

मी मोबाइल उचलून त्याच्या हातात दिला.

पण एक गोष्ट मला त्याच्याशी भांडता भांडता कळली. माणसाला मत असावं, राग असावा, तोंड सोडून बोलावं. मीही काही कमी बोलत नाही. माझ्या लिखाणाला कचरा म्हणा, मला आगाऊ म्हणा, चौकात नक्कल करा, मी परतून बोलेन. पण बोलण्याला पत्ता आणि मुदत लागली, तिच्या घरी, गुरुवारच्या आधी, की ते मत राहत नाही. ते तोंड बंद करायला निघालेलं बोलणं असतं. त्यानं माझ्या बापाचं स्वातंत्र्य चौदा वर्षं खाल्लं आणि त्याचा जाब कोणी कधी विचारला नाही.

मंगळवारी सकाळी मी ओट्यावर गेले आणि कॉम्प्युटरवरचे जुने अर्ज उघडले. ‘अर्वाच्य’ हा शब्द शोधायला टाकला. फायलीच फायली आल्या. अर्वाच्य भाषेत बोलले. अपशब्द वापरले. दमदाटी केली. कोण काय बोललं, कुठेच नाही. सगळं मीच पुसलेलं.

मग एक अर्ज उघडला. पिंपळनेरच्या बाजूनं कापूस वेचायला आलेली एक भिल्ल बाई होती. मजुरी मागितली म्हणून शेतवाला तिला म्हणाला होता, “तुनी झोपडी पेटाडी दिसू, तुले मझार ठेईसन.” झोपडी पेटवीन, तुला आत ठेवून. तिनं मला हे शब्द तीनदा सांगितले होते. मी लिहिलं होतं: ‘गैरअर्जदाराने मालमत्तेच्या नुकसानीबाबत भाष्य केले.’

भाष्य.

अंगठा उठवण्याआधी तिनं मला विचारलं होतं, “बठ्ठं लिखं ना, अक्का?” सगळं लिहिलंस ना.

“बठ्ठं लिखं,” मी म्हटलं होतं.

तिच्या अर्जाचं काय झालं मला माहीत नाही. ती पुन्हा आली नाही. आली नाही म्हणून मीही विचारलं नाही. धोब्यानं डाग काढावेत तसं मी इतकी वर्षं लोकांच्या बोलण्यातलं भय काढून, इस्त्री करून त्यांच्या हातात देत होते. आणि त्यांनी मला अक्का म्हटलं. शनिवारी भोंगा माझ्या घराकडे वळला नसता तर मी अजून तेच करत बसले असते.

मी नवा कागद घेतला. आप्पा जे बोलले ते जसंच्या तसं टाइप केलं, अहिराणीत, मध्ये कुठे थांबले तेही. खाली लिहिलं: ‘ह्या शब्दाचा आमच्या गावात अर्थ काय.’ मग आठ कप लिहिले. फळी लिहिली, बाप लिहिला, फ्रॉक लिहिला. कडब्याची गंजी आणि सुरत लिहिली. दोन पानं झाली. त्यात एकही सदर नाही, एकही सबब नाही.

दुपारी पुन्हा ठाण्यात गेले. माय म्हणाली, मी येते. ती आजवर ठाण्याची पायरी चढली नव्हती. आत आली, समोरच्या रिकाम्या खुर्चीवर कोणी न सांगता बसली आणि पदर सावरून साहेबांकडे बघत राहिली.

साहेबांनी पहिल्या चार ओळी वाचल्या. “हे काय लिहिलंय? शुद्ध मराठीत आणा.”

“ते शुद्ध मराठीत बोलले नव्हते, साहेब.”

“मग अर्थ काय लावायचा आम्ही?”

मी कोपऱ्याकडे वळले. “नाना,” मी हवालदारांना म्हटलं, “आप्पानी भोंगावर सांगं, तुमना घर पाव्हना येसूत. तुम्ही काय करशात?”

नानांनी साहेबांकडे पाहिलं. मग मायकडे पाहिलं. माय त्यांच्याच वयाची. मला वाटलं, आता हे पुन्हा रजिस्टरकडे बघणार.

“पोरंसले मामाना गाव धाडी दिसू,” ते म्हणाले.

“मुलांना मामाच्या गावी पाठवून देईन, म्हणतात,” मी साहेबांना सांगितलं. ह्या वेळी भाषांतर करताना मी काही गाळलं नाही.

साहेब हसले नाहीत. दोन्ही पानं वाचली. मग म्हणाले, अदखलपात्र नोंद होईल, आप्पांना बोलावून समज देऊ, ह्यापेक्षा जास्त माझ्या हातात नाही. प्रत दिली, शिक्का मारून. जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. नाना पायरीपर्यंत मागे आले आणि हळूच म्हणाले, “अक्का, गुरुवारले ग्रामसभामा जाऊ नको. सांगनं मना काम शे.” ते माझ्या भल्यासाठीच बोलत होते. माझ्या बापालाही असंच कोणीतरी भल्यासाठी सांगितलं असेल.

आज बुधवार. नळ्या तिथेच आहेत, कुलूपही. समज दिली की नाही, कळलं नाही. सकाळी किराणा दुकानात आप्पांच्या पॅनलमधला एक जण भेटला. चारचौघांत म्हणाला, “अक्का, चहापत्ती लई ठेव.” दुकानातले दोघे हसले.

मी पर्समधून वही काढली, काउंटरवर ठेवली आणि लिहिलं. तारीख, वेळ, दुकान, त्याचं पूर्ण नाव, आणि ते वाक्य, त्याच्याच शब्दांत. मग त्याला वाचून दाखवलं. “असंच बोलनात ना तुम्ही?”

“मी गंमत करी राहिंतू,” तो म्हणाला.

“तेबी लिखस,” मी म्हटलं, आणि तेही लिहिलं. हसणाऱ्या दोघांची नावं साक्षीदार म्हणून खाली घातली. त्यांचं हसणं थांबलं.

उद्या ग्रामसभा आहे. मी जाणार आहे. बाप टेकायचा त्या भिंतीपाशी बसणार नाही, पुढे बसेन. विचारेन, नळ्या कोणाच्या, आणि खोली कधी रिकामी करता. आप्पांना उत्तर द्यायचं तर देऊ दे, मला वेड्यात काढायचं तर काढू दे, ऐकून घेईन. ग्रामसेवक इतिवृत्तात ‘चर्चा झाली’ असं लिहायला लागले तर त्यांच्या शेजारी उभी राहीन आणि बोललं तसं लिहून होईपर्यंत हलणार नाही. पुढच्या सोमवारी पिंपळनेरची बस धरून त्या बाईला शोधायला जाणार आहे. तिचा अर्ज मला पुन्हा लिहायचा आहे, मला जायला उशीर झाला नसेल तर.

आणि त्याआधी पाहुणे आले, तर येऊ देत. दार माय उघडेल, तसं तिनं सांगून ठेवलंय. चूल पेटणार नाही, कप घरातल्या फळीवरच राहतील. मी उंबऱ्यात वही घेऊन उभी असेन, आणि जो पहिल्यांदा तोंड उघडेल त्याचं नाव पहिल्या ओळीवर लिहीन.